वराडचा नातू आणि आपला धाकटा

डब्लिन, श्रावण

ती. आबांस, शि. सा. नमस्कार.

इकडे सगळे बरे. पाऊस आहे, पण त्यात दम नाही. आठवडाभर ठिबकतो आणि पऱ्ह्याला पाणी म्हणून येत नाही.

हे फोनवर बोललो असतो, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर आणि ओटीवर कोणी ना कोणी सुपारी कातरत बसलेलं. म्हणून पत्र.

चतुर्थीला धाकटा पुण्याहून येतोय, सोबत त्याचा जोडीदारही आहे, हे आईने तुमच्या कानावर घातलं. त्यावर तुम्ही म्हणे "खोल्या फुल्ल आहेत" असं म्हणालात. आबा, पोटच्या पोराला खोल्या फुल्ल?

खोल्यांवरून आठवलं. आपल्याकडे मुक्कामाला मुलगा-मुलगी आली की तुम्ही आधारकार्ड, आडनाव, मंगळसूत्र, सगळं तपासता. दोन पुरुष आले की एकच प्रश्न: "गादी जादा देऊ का?" इतक्या वर्षांत आपल्या छपराखाली अशी किती जोडपी मोदक जेवून, प्रदक्षिणा घालून, वहीत "उत्तम सोय" लिहून गेली असतील, देव जाणे. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट काहींनी गादीचे पैसेही दिले.

२०१७ च्या जूनमध्ये लिओ वराडकर इथले पंतप्रधान झाले तेव्हा "कोकणचा पोरगा!" म्हणून तुम्ही नाक्यावर पेढे वाटलेत. मालवण तालुक्यातलं वराड, वडील डॉक्टर, स्वतः डॉक्टर, सगळं तोंडपाठ. मग कोणीतरी पेपरातली पुढची ओळ वाचून दाखवली, की हे गृहस्थ समलिंगी आहेत आणि त्यांनी ते २०१५ सालीच रेडिओवर सांगितलंय. तुम्ही पुडा मिटलात आणि म्हणालात, "तसा तो सिंधुदुर्गातला. आपल्या जिल्ह्यातला नव्हे." आबा, सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. त्यांच्या आजोबांच्या वेळी वराड रत्नागिरीतच होतं. सुटका नाही! २०१९ च्या डिसेंबरात ते सहकुटुंब वराडला गेले, तेव्हा गावाने थाटात स्वागत केलं. खोल्या फुल्ल असल्याचं तिथे कोणी बोललं नाही.

तुमचं दुसरं म्हणणं, ही गोऱ्यांची थेरं. अहो, ३७७ कलमच मुळी इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं. संमतीने एकत्र राहणाऱ्या प्रौढांवरचा तो बडगा आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला काढला. इथे आयर्लंडातही इंग्रजांचाच कायदा १९९३ पर्यंत चालला. आणि आपल्याच मुरुडचे र. धों. कर्वे! 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचकांच्या असल्या प्रश्नांना न लाजता उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, आणि वकील उभे राहिले डॉ. आंबेडकर. तेव्हा तुमचा जन्मही नव्हता. विषय नवीन आहे, ही तक्रार बाद.

इथली माणसंही काही आभाळातून शहाणी होऊन पडलेली नाहीत. आमच्या शेजारच्या आजी रोज चर्चला जाणाऱ्या. सोवळ्याओवळ्यात आपल्या काकूला मागे टाकतील. २०१५ च्या मे महिन्यात समलिंगी विवाहावर सार्वमत झालं आणि ६२ टक्के लोक हो म्हणाले, त्यांत या आजीही. का, विचारलं तर म्हणाल्या, "नातवाला दर रविवारी पानात बटाटे वाढते. त्याच हाताने 'नाही'वर फुली मारू?"

लग्नपत्रिकेत काय छापायचं, ही काळजी तूर्त सोडा. २०२३ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने अशा लग्नांना मान्यता द्यायचं नाकारलं. त्याचा अर्थ काय ते धाकट्याचं अपेंडिक्स काढलं तेव्हा कळलं. जोडीदार रात्रभर बाहेर बाकावर बसून, पण सहीला "नातेवाईक आणा". शेवटी पहाटे सांगलीहून मावशीचे यजमान आले, ज्यांनी धाकट्याला शेवटचं हाफ चड्डीत पाहिलं होतं. पेशंट कुठला, हेही त्यांना विचारावं लागलं. सही मात्र चालली.

चतुर्थीला आपल्या गावात घरोघरी गणपती बसत नाही. सगळा गाव देवळात जातो आणि त्या दिवशी गाभाऱ्यात जाऊन देवाला हात लावतो. ते दोघेही रांगेत असतील. ओळखीचे विचारणारच, "हा कोण?" गेल्या खेपेला तुम्ही "धाकट्याचा भाडेकरू" म्हणालात. त्यानेही बिचाऱ्याने मान डोलावली. यंदा निदान "घरचाच" म्हणा. नातं कुठलं, ते लोक आपसांत ठरवतील. तेवढंच त्यांना चतुर्थीनंतरचं काम.

मागच्या खोलीचा पंखा तेवढा दुरुस्त करून घ्या.

आणि एक. धाकट्याने सगळं सांगितल्यापासून त्याचा फोन आला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर तो फोन करणार आहे. आईकडे देऊ नका.

आपला,
थोरला