उलार

यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या एका घरात मारुती 800 ची ड्रायव्हरची सीट आली, तेव्हा घरच्यांना वाटलं, मागून गाडीही येत असेल. गाडी आली नाही. आल्या त्या वायपरच्या दोन जुन्या मोटारी, चौकोनी पाइपाचे तुकडे, आर्डुइनोचं एक इवलंसं सर्किट आणि वेल्डिंगवाल्याचं बिल. घरचा थोरला मुलगा, वय बत्तीस, पेशा कारकुनी, शर्यतीची हलती खुर्ची बनवत होता. पडद्यावर मोंझाचं वळण आलं की खुर्ची कलणार, ब्रेक दाबला की पुढं झुकणार.

"हालाले पैसे कायले लागते बे? आपल्या गावच्या रस्त्यानं फटफटी ने," काकांनी सुचवलं.

काका म्हणजे शंकरपटातले जुने धुरकरी. 2014 च्या निकालानं बैलांच्या शर्यती बंद पडल्या आणि डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना पुन्हा परवानगी दिली, तोवर काकांचे गुडघे निवृत्त झाले होते. बसल्या जागी शर्यत ही कल्पना म्हणून त्यांना पटली होती. खर्च पटत नव्हता.

आईची अट वेगळी होती: यंत्र जमिनीवरच राहिलं पाहिजे. याच जिल्ह्यातल्या फुलसावंगीत ऑगस्ट 2021 मध्ये घरी हेलिकॉप्टर बनवणाऱ्या एका तरुणाचा चाचणीच्या वेळी जीव गेला, ते ती विसरली नव्हती. त्यात हसण्यासारखं काही नाही. सगळ्यात आधी खुर्चीला बसलं ते लाल बटण, दाबताच वीज तोडणारं.

खुर्चीचं तत्त्व तसं जुनंच. एडविन लिंक या अमेरिकन माणसाच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना होता. त्याच वाद्याचे भाते वापरून त्यानं 1929 मध्ये वैमानिकांना शिकवायचं डोलतं यंत्र तयार केलं. म्हणजे जगातलं हे नामांकित सिम्युलेटर बाजाच्या पेटीचं चुलत भावंड. त्यातली गोम अशी की माणसाचा कान भोळा असतो. आतल्या कानाला मागं कलणं आणि पुढं वेग घेणं यातला फरक एकट्यानं ओळखता येत नाही. डोळ्यांपुढं रस्ता पळता ठेवून सीट मागं कलवली की कान म्हणतो, गाडी सुटली.

घोडं अडलं ते सीटखालच्या सरकपट्ट्यांवर. कारकुनाची उंची पाच फूट चार इंच, भाऊजींची सहा फूट, आणि शर्यतीची हौस भाऊजींनाच जास्त. सीट सरकायलाच हवी होती. भंगारातून सीटबरोबर आलेल्या पट्ट्या चौकटीवर ठोकल्या, तर सीट अर्ध्यात येऊन अडकली. पट्ट्या समांतर नव्हत्या. एका टोकाला तीन मिलिमीटरचा फरक. आपल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांनी 762 मिलिमीटरचं अंतर यवतमाळपासून मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर सांभाळलं, या गड्याला ते दीड फुटात सांभाळता येईना! शेवटी मिस्त्रीनं युक्ती सांगितली: बोल्ट ढिले ठेवायचे, सीट पार पुढपासून पार मागपर्यंत चारदा फिरवायची, पट्ट्या आपली जागा आपणच शोधतात, मग आवळायचं. सीट लोण्यासारखी सरकू लागली. जरा जास्तच.

कारण कुलूप एकाच पट्टीला होतं. ब्रेकवर जोरात पाय दिला की पायाचा सगळा जोर पाठीतून सीटमध्ये उतरायचा, कुलूप नसलेली बाजू बोटभर मागं जायची आणि चालक मोंझाऐवजी स्वयंपाकघराकडं तोंड करून बसायचा. दुसरं कुलूप बसवलं. तरी 'खट' राहिलीच. पट्टी सरकायची तर तिच्यात थोडी फट लागते. रस्त्यावरच्या गाडीत ती कुणाला कळत नाही. इथं मोटार दर क्षणाला दिशा बदलते, आणि प्रत्येक बदलाला आधी ती फट भरून निघते, खट, मग माणूस हलतो. भाता फुंकून कानाला फसवावं आणि ऐन वेळी खटक्यानं भांडं फुटावं, तसं. नायलॉनच्या पट्ट्या खुपसल्या, ग्रीस भरलं. शेजाऱ्यांना वाटलं, घरात शिवणाचा क्लास निघाला.

मग एका रविवारी भाऊजी आले. बसले, दांडा ओढला आणि शेवटच्या खाचेपर्यंत मागं गेले. पहिल्याच वळणावर मोटारी रडल्या, खुर्ची मागं कलली ती परत येईना, आणि फ्यूज उडाला. भाऊजी छताकडं बघत पाय हलवत होते. लाल बटण त्यांच्या हाताला येत नव्हतं.

काकांनी पानाची पिंक टाकून निदान केलं. "गाडी उलार झाली तुही."

इंग्रजी माहितीपत्रकांनी गुरुत्वमध्यावर आकृत्यांसह चार पानं खर्च केलेली असतात. वऱ्हाडात त्याला तीन अक्षरं पुरतात. बैलगाडीत ओझं आसाच्या मागं गेलं की गाडी मागं टेकते, जू वर उठतं आणि बैलांच्या गळ्याला फास लागतो. खुर्चीतही सीटच्या बरोबर खाली एक सांधा, तोच आस. माणूस त्याच्यावर असला तर मोटारींना फक्त तोल हलवायचा असतो. एक वीत मागं गेला की त्याला उचलावं लागतं.

"माणूस कायले सरकवतं? भार आसावर ठेव, बाकीचं सरकव."

इटलीतही हेच ठरलं होतं. फेरारीच्या 2013 च्या लाफेरारी गाडीत सीट जागची हलत नाही. पेडल आणि स्टिअरिंग माणसाकडं येतात. काकांनी ती गाडी पाहिलेली नाही.

सरकपट्ट्या आता पेडलखाली आहेत. तिथं खट वाजली तरी कानाला पत्ता लागत नाही, आणि भाऊजी आले की पेडल पुढं ढकलले जातात. सीट चार बोल्टवर पक्की आहे, दहा मिलिमीटरच्या. सतरा नंबरचा पाना लागतो, आणि तो सध्या भाऊजींकडं आहे.