अल्पमुदतीची विलायत

परदेश पाहण्यासाठी धन लागते, धैर्य लागते आणि पारपत्र लागते, अशी आमच्या पिढीची समजूत होती. परंतु या तिन्ही गोष्टी हप्त्याहप्त्याने का होईना जमवता येतात, आणि कोणत्याही पतपेढीतून जी कर्जाऊ मिळत नाही ती रजा मात्र काही केल्या जमत नाही, हे ज्ञान मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर झाले. धनाची तरतूद झाली होती. धैर्य सौभाग्यवतीपाशी उपजतच होते. पारपत्रे तर एकदा मुदत संपून, कोऱ्या पानांनिशी नवी होऊन, पुन्हा कपाटात विश्रांती घेत होती. माझी कचेरी, सौभाग्यवतीची शाळा, चिरंजीवांची परीक्षा, कन्येचे शिकवणीवर्ग आणि अण्णांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अशा या स्वतंत्र संस्थानांच्या पंचांगांत एकाच वेळी मोकळा सापडेल असा अवकाश धुंडाळता धुंडाळता, भाऊबीज आटोपल्यावर लागणारा आठवडा तेवढा हाती आला. आणि त्या आठवड्यात लंडन व पॅरिस ही दोन शहरे आई-अण्णांसह पाहून परतावे, असा ठराव आमच्या घरात एकमताने मंजूर झाला. आमच्या घरातील एकमताच्या इतिहासात त्यापुढे काही नोंद नाही.

आमच्या शेजारचे गृहस्थ अशाच अल्प मुदतीत एका यात्रा कंपनीबरोबर युरोपातील अर्धा डझन देश ‘करून’ आले होते. कोणत्या देशात काय पाहिले हे त्यांना नीटसे सांगता येत नसे. पण कोणत्या देशात सकाळी पोहे मिळाले, कोठे उपमा मिळाला आणि कोठे स्वच्छतागृहाच्या दाराशी नाणे मोजावे लागले, हे ते तारीखवार सांगत. लोक त्यांना हसत. मला मात्र ते स्थितप्रज्ञ वाटतात, कारण काय पाहायचे हे कोणालाही ठरवता येते, काय पाहायचे नाही हे ठरवण्याचे दुःख मोठे असते, आणि ते दुःख त्यांनी रोख पैसे भरून कंपनीच्या माथी मारले होते. आम्ही ते विनामूल्य स्वतःकडे ठेवून घेतले.

पहिल्या मसलतीलाच अण्णांनी, म्हणजे आमच्या निवृत्त इतिहास-शिक्षक तीर्थरूपांनी, पानिपताचा दाखला दिला. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बाजारबुणगे होते, कुटुंबकबिला होता, उत्तरेतील तीर्थे करून घेऊ म्हणून निघालेले यात्रेकरू होते. मुलूखगिरीवर निघालेल्या माणसाने इतकी निमित्ते बरोबर घेतली की मूळ निमित्त मागे पडते, तेव्हा आपण प्रत्येकाने एकच स्थळ मागावे, असे त्यांनी घसा खाकरून सांगितले, आणि सांगून होताच खिशातून स्वतःची फर्द काढली. ती पाठपोट लिहिलेली होती.

अण्णांच्या लंडनमध्ये राणीचा वाडा नव्हता, मनोरे नव्हते, नदीदेखील नव्हती. ते सारे शहर भाड्याच्या घरांचे बनलेले होते. मेडा व्हेल भागातील हौली प्लेस या रस्त्यावरचे दहा नंबरचे घर, जेथे १९१८-१९ साली चिरोलवरील फिर्यादीच्या निमित्ताने लोकमान्यांचा मुक्काम होता; प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचे, योगायोगाने पुन्हा दहाच नंबरचे घर, जेथे १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर राहिले आणि जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले; आणि हायगेटमधील क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरचे ६५ नंबरचे ‘इंडिया हाऊस’, जे श्यामजी कृष्णवर्म्यांनी १९०५ साली उघडले व जेथे पुढे सावरकर राहिले. ही तिन्ही घरे बाहेरूनच पाहायची आहेत, प्रत्येकी पाच मिनिटे पुरतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. पाच मिनिटांच्या दर्शनासाठी तासाभराचा रस्ता तुडवावा लागेल असे मी निदर्शनास आणून दिले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, लोकमान्यांना वर्षभर राहावे लागले, आणि तुला तास जड होतो?” चिरंजीवांनी यावर, लोकमान्यांना न्यायालयाच्या कामामुळे वर्ष मिळाले असेल तर आपणही लंडनात कोणावर तरी एखादी फिर्याद लावून द्यावी, म्हणजे मुदतीचा प्रश्न आपोआप सुटेल, अशी सूचना केली. लोकमान्य तो दावा हरले होते व खर्च मोठा आला होता, असे सांगून अण्णांनी ती फेटाळली.

तथापि आजोबा आणि नातू यांची युती पुढे दोनच दिवसांत झाली, व तीही भूगोलाच्या कृपेने. कपिलदेवाने १९८३ साली जेथे विश्वचषक उंचावला ते लॉर्ड्स मैदान चिरंजीवांना हवे होते. आणि नकाशा जमिनीवर पसरून पाहता, ते मैदान लोकमान्यांचे घर व बाबासाहेबांचे घर यांच्या मध्येच वसले आहे असे उघडकीस आले. तेव्हापासून चिरंजीव राष्ट्रीय चळवळीविषयी आस्थेने विचारपूस करू लागले, आणि ज्या अण्णांनी मैदानावर कधी चेंडू उचलून परत टाकला नाही ते मँचेस्टरच्या उपांत्य सामन्याविषयी मते देऊ लागले.

कन्येचे कलम सर्वांत सोपे निघाले. तिला एका जादूगार मुलाच्या कादंबरीतला फलाट पाहायचा होता. तो किंग्ज क्रॉस स्थानकात मांडून ठेवलेला आहे, आणि पॅरिसची आगगाडी ज्या सेंट पँक्रस स्थानकातून सुटते ते त्याला लागूनच आहे. म्हणजे कन्येची मागणी जाता जाता, सामान हातात असतानाच, पुरी होणार होती. परंतु जे सहज मिळते त्यात दुजाभाव झाल्याचा संशय मुलांना येतोच. आपल्याला ‘वाटेवरचे’ दिले आणि दादाला ‘मुद्दामचे’ दिले, म्हणून ती दोन दिवस रुसली.

सौभाग्यवती चित्रकला शिकवतात, त्यामुळे पॅरिस त्यांच्या खात्यात जमा होते, आणि तेथील कारभार मी त्यांच्याकडे मुखत्यारीने सोपवून मोकळा झालो होतो. लूव्र या संग्रहालयात सुमारे ३५,००० कलाकृती मांडलेल्या आहेत. एकेक कृती अर्धा मिनिट पाहिली तर अहोरात्र उभे राहून बारा दिवस लागतात, हा हिशेब चिरंजीवांनी केला व तो आईला सांगण्याचा अविचारही केला. “मला सगळे बघायचेच नाही,” सौभाग्यवती म्हणाल्या, “मला निवांत बघायचे आहे.” निवांत हे क्रियाविशेषण आमच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसवावे हे कोणास कळेना. त्यातच विमानाची तिकिटे जी स्वस्तात मिळाली ती जाताना लंडनची व येताना पॅरिसची होती. त्या हिशेबाने पॅरिसचा मुक्काम सोमवारी दुपारी सुरू होई. सोमवारी ओर्से आणि व्हर्साय बंद असतात. मंगळवारी लूव्र बंद असते. फ्रेंच लोकांनी साप्ताहिक सुट्ट्यांची ही रचना आमच्या तिकिटांच्या तारखा पाहून केलेली नसावी, एवढेच मी म्हणू शकतो. सौभाग्यवतींनी तक्ता पाहिला, चष्मा काढला आणि, “अहो, म्हणजे मी पॅरिसला जाऊन दारे बघायची का?” असा एकच प्रश्न विचारला. मी ताबडतोब मुखत्यारपत्र परत घेतले आणि मंगळवार ओर्सेला दिला. लूव्र बुधवारी सकाळच्या वाट्याला आले, विमानतळाची गाडी बाहेर उभी ठेवून.

माझी स्वतःची मागणी अगदी माफक होती. ग्रिनिचची ती रेषा मला पाहायची होती, जेथे १८८४ साली वॉशिंग्टनला भरलेल्या परिषदेने जगाचे शून्य रेखावृत्त कायम केले. आमच्या लोकांचे आणि त्या रेषेचे फारसे सख्य कधी नव्हते. सरकारने १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरवून दिली, तरी मुंबई शहराने ग्रिनिचच्या पुढे चार तास एकावन्न मिनिटे चालणारी आपली वेळ कित्येक वर्षे हट्टाने जपली. एकाच गावात दोन वेळा नांदत, व उशिरा येणाऱ्या कारकुनाला केव्हाही दोहोंपैकी एकीचा आधार मिळे. असा सोयीचा काळ ज्या रेषेमुळे लयाला गेला ती एकदा समक्ष पाहावी, तिच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरा पाय ठेवून क्षणभर उभे राहावे, एवढेच. परंतु ग्रिनिच शहराच्या आग्नेयेस आणि अण्णांची घरे वायव्येस व उत्तरेस. सारा काळ जेथून मोजला जातो तेथे जाण्यापुरता काळ आमच्यापाशी नव्हता. माझे कलम सर्वांत आधी खारीज झाले, आणि ते मीच केले, कारण कुटुंबप्रमुखाने त्याग करायचा असतो असे त्या वेळी सर्वांचे माझ्याकडे पाहून मत पडले.

व्हिशाच्या प्रकरणात मी शिरत नाही. इंग्लंडचा परवाना निराळा व फ्रान्सचा निराळा, पारपत्र मात्र माणशी एकच. त्यामुळे ते एका कचेरीतून सुटल्याखेरीज दुसरीत रुजू होत नाही. फ्रान्सला जाणाऱ्यास जो शेंगेन परवाना लागतो त्याला लक्झेंबर्गमधील मोझेल नदीकाठच्या एका लहानशा गावाचे नाव आहे. तेथे १९८५ साली पाच देशांनी आपापसातल्या नाक्यांवरील तपासणी हळूहळू उठवण्याचा तह केला. आपापसातली तपासणी उठवल्यावर उरलेला सारा उत्साह त्यांनी बाहेरच्यांसाठी राखून ठेवला असावा, असे तो अर्ज भरताना वाटते. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो, आणि त्यात आजारपणाबरोबरच, प्रवासी मरण पावल्यास त्याला मायदेशी परत आणण्याचा खर्चही धरलेला असतो. हे कलम मी मोठ्याने वाचले तेव्हा आईने वाती वळणे थांबवून विचारले, “आणि धडधाकट परत येणाऱ्याला काहीच नाही?” पुढे परवान्याच्या कचेरीत तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. जन्मभर भांडी, धुणी आणि वाती यांनी त्या रेषा पुसून टाकल्या होत्या. तेथल्या मुलीने पुनःपुन्हा, फार आदराने, “आजी, जरा दाबून,” म्हणत अखेर ते मिळवले.

आईला लंडनही नको होते आणि पॅरिसही नको होते. तिला समुद्राखालून जायचे होते. तो बोगदा १९९४ साली सुरू झाला, पन्नास किलोमीटर लांब आहे आणि त्यातले अडतीस किलोमीटर समुद्राच्या तळाखालून जातात, असे मी तिला सांगितले. परंतु तेथे मासे दिसत नाहीत, पाणी दिसत नाही, वीसेक मिनिटे नुसता काळोख असतो, हेही स्पष्ट करणे मला कर्तव्य वाटले. “मग बरेच झाले,” ती म्हणाली, “माळ ओढून होईल.” साऱ्या तक्त्यात ज्याविषयी तंटा झाला नाही असे हे एकच प्रेक्षणीय स्थळ.

आईचा भाचा लंडनच्या पश्चिमेला स्लाव येथे राहतो. विलायतेला येऊन आपल्याकडे जेवल्याशिवाय कोणी परत गेले तर आपण तोंड दाखवणार नाही, असा त्याचा खलिता आला, आणि अर्धा दिवस तिकडे वर्ग झाला. त्यासाठी फराळ न्यायचा तर त्या सरकारचा नियम आडवा आला, की बाहेरून मांस व दुधाचे पदार्थ आणू नयेत. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणी तत्काळ बाद झाली. चिवडा व चकली यांस हरकत नव्हती. खरा पेच बेसनाच्या लाडवांचा पडला: लाडवातले तूप हे कायद्याच्या दृष्टीने तूपच राहते, की बेसनात विलीन होऊन त्याचे स्वत्व नष्ट होते? अण्णांच्या मते विलीनीकरणानंतर संस्थानाचे वेगळे अस्तित्व उरत नाही. सौभाग्यवतींच्या मते जकात नाक्यावरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला हे समजावून सांगण्यात जो वेळ जाईल तो त्यांच्या लूव्रमधून कापला जाईल. लाडू घरी राहिले.

अशा रीतीने प्रत्येक घटका कोणाच्या ना कोणाच्या नावे चढवून झाली, आणि शिल्लक शून्य आली, तोच कन्येने एक बातमी आणली. विलायतेत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतात, आणि तो रविवार आमच्या मुक्कामात पडत होता. उन्हाळ्यात घड्याळ पुढे ढकलावे ही कल्पना विल्यम विलेट नावाच्या एका इंग्रज बांधकाम-व्यावसायिकाची. लोक उजाडल्यावरही झोपून राहतात याचा त्याला संताप येई, पण तो १९१५ साली वारला आणि कायदा १९१६ साली झाला. त्याच्या कृपेने वसंतात कापून घेतलेला तास आमच्या झोळीत, एक पैसा न देता, पडणार होता. घरात आनंदीआनंद झाला. पाच मिनिटांतच त्या तासाच्या वाटणीचे अर्ज दाखल झाले. अण्णांना तो हायगेटसाठी हवा होता, चिरंजीवांना लॉर्ड्सच्या वस्तुसंग्रहालयासाठी, कन्येला ‘मुद्दामचे’ काहीतरी म्हणून. मीही खारीज झालेले ग्रिनिच दबकत पुन्हा पुढे केले, कारण काळाने परत केलेला तास काळाच्याच गावी खर्च करण्यात एक औचित्य होते. सौभाग्यवतींनी फक्त एवढेच विचारले की, त्या दिवसापासून अंधार किती वाजता पडतो. पाचच्याही आधी, असे उत्तर निघाले. म्हणजे हाती ठेवलेला तास विलायत सरकार संध्याकाळच्या उजेडातून तेथल्या तेथे वळता करून घेते.

तरीही भांडण चालूच राहिले असते. पण चिरंजीवांनी नियम शेवटपर्यंत वाचला. तो तास मध्यरात्रीनंतर दोन वाजता मिळतो. दोन वाजले की घड्याळ पुन्हा एकवर न्यायचे. हे कळताच सर्वांनी आपापले अर्ज मुकाट्याने मागे घेतले, आणि तो रकाना रिकामा राहणार असे दिसताच आई म्हणाली, “द्या मला. तुम्ही त्या वेळी घोरत असता, मी जागीच असते.” तिच्या नावे तास चढवावा म्हणून मी लेखणी उचलली, तर अण्णांनी हरकत घेतली. ही जागी राहिली की दर थोड्या वेळाने किती वाजले म्हणून आपल्यालाच उठवून विचारणार, आणि त्या विशिष्ट रात्री एक वाजला म्हणून सांगितल्यावर तासाभराने पुन्हा एकच वाजला म्हणून सांगावे लागेल, तेव्हा ही आपल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवर संशय घेईल, असे त्यांचे म्हणणे पडले. हरकत रास्त वाटल्याने ती नोंदवून घेऊन त्या तासाचा निर्णय तूर्त तहकूब ठेवला आहे.