आज्जांची ऑपरेटिंग सिस्टीम

2004 साली भालकीत आमच्या घरी कॉम्प्युटर आला. बीदरहून जीपनं, गोधडीत गुंडाळून. "सीपीयू सांभाळा, सीपीयू!" असं वडील वाटभर ओरडत होते. खरा सीपीयू म्हणजे आत बसवलेली बिस्किटाएवढी चीप, आणि गोधडीत होता तो नुसता पत्र्याचा डबा, हे मला पुढं कॉलेजात कळलं. वडिलांना मी ते अजून सांगितलेलं नाही.

आज्जा चष्मा लावून आले. "कंपनी कुठली?"

इथं घरात मतभेद झाले. पडद्यावर सॅमसंग, डब्यावर इंटेलचं स्टिकर, चालू केला की मायक्रोसॉफ्ट आणि कीबोर्डवर टीव्हीएस.

"मोपेडवाले?" आज्जांनी विचारलं.

"असेंबल्ड आहे," वडील म्हणाले. "एकेक भाग वेगळा घेऊन जुळवलेला."

"म्हंजे आपला जिल्हाच की! मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, सगळं एका डब्यात."

आज्जीला मी हार्डडिस्क आणि रॅम समजावली. हार्डडिस्क म्हणजे पिठाची कोठी, चाळीस जीबीची. रॅम म्हणजे परात, 256 एमबीची. कोठीत पीठ कितीही असो, मळायचं ते परातीत मावेल तेवढंच. लाइट गेली की परात रिकामी, कोठी मात्र भरलेली. आज्जी म्हणाली, "मग परात मोठी का न्हाई घेतली?" पुढची सहा वर्षं तो कॉम्प्युटर रडतखडत चालला, तेव्हा हा प्रश्न मला रोज आठवायचा.

अडलो ते ऑपरेटिंग सिस्टीमपाशी. "आज्जा, डबा तोच राहतो, पण आत हुकूम कुणाचा चालायचा, ते ही ठरवते. आपल्याकडं विंडोज एक्सपी आहे. कुणी लिनक्स टाकतं, ते फुकट मिळतं."

"कळलं. निजाम."

मी गप्प.

"अरे, मी ह्या वाड्यातून हललो न्हाई. 1948 पर्यंत निजाम. मग हैदराबाद राज्य. 1956 ला म्हैसूर. 1973 ला कर्नाटक. डबा तोच, सिस्टीम तीनदा बदलली."

"आणि जुन्या फायली, आज्जा?"

"त्या कुठं उघडतेत!" त्यांनी ट्रंकेतून जमिनीचे कागद काढले. सगळे उर्दूत. आता पहाणी येते ती कन्नडमध्ये, आणि पाहुणे सोलापूरहून सातबारा दाखवतात तो मराठीत. कॉम्प्युटरवाले ज्याला 'कम्पॅटिबिलिटी'ची अडचण म्हणतात, ती आमच्या ट्रंकेत पन्नास वर्षं पडून होती.

पुढं 2014 च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला रामराम ठोकला आणि नोव्हेंबरात गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. बसवरची पाटी अपडेट झाली. आमचे शेजारी मात्र अजून गुलबर्ग्यालाच जातात.

पण ते नंतरचं. त्या आठवड्यात प्रिंटर चालेना. दुकानदार फोनवर म्हणाला, "ड्रायव्हर नाही."

"मशीनला ड्रायव्हर कशाला?" आज्जा.

"सिस्टीमची भाषा प्रिंटरला कळत नाही. मधे दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात."

एवढ्यात दारात गल्लीतले दोघं उभे राहिले, हातात पिवळे पडलेले कागद. आज्जांची शाळा निजामाच्या राज्यातली, म्हणून महिन्यातून दोनदा तरी असं कुणी यायचंच. आज्जा ओसरीवर बसले आणि उर्दूतला मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवू लागले.

ते गेल्यावर मी म्हणालो, "आज्जा, तुम्हीच ड्रायव्हर."

त्यांनी चष्मा पुसला. "मग पगार किती?"