धावता लांडगा

खंडेनवमीच्या सुमारास खानदेशातील जुन्या वाड्यांना ज्या पाहुण्याची धास्ती वाटते, त्याची ओळख जळगाव-धुळ्याच्या वाचकाला करून देण्याची गरज नाही. तो निवृत्त शिक्षक असतो किंवा सहकारी बँकेतला माजी रोखपाल, आणि प्रत्येक तालुक्यात त्याचा किमान एक नमुना सापडतोच. खंडेनवमी म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीची शस्त्रपूजा. त्या दिवशी दाराआड वर्षभर उभी असलेली तलवार पाटावर येते, आणि तिला हळदकुंकू लागण्यापूर्वीच हा गृहस्थ खिशातले भिंग काढून तिच्यावर ओणवा होतो. त्याला तलवार नको असते, लांडगा हवा असतो.

हा लांडगा म्हणजे जर्मनीतील पासाऊ या गावच्या पाती घडवणाऱ्यांची मध्ययुगीन मुद्रा, जी पुढे झोलिंगेन या शहरातील कारागिरांनी निःसंकोच उचलली; छिन्नीच्या चार-सहा घावांत कोरलेली आणि पुष्कळदा पितळ ठोकून भरलेली अशी ती धावत्या श्वापदाची आकृती असते. पोर्तुगीजांच्या आणि इतर व्यापाऱ्यांच्या जहाजांतून युरोपीय पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत व त्यांवर इथल्या मुठी चढत. अशा तलवारीला मराठीत ‘फिरंग’ म्हणत, तर जुन्या शस्त्रसूचींत जर्मन घाटाच्या तलवारीला ‘अलेमानी’ असेही नाव आढळते. नागपूरकर रघूजी भोसले यांची जी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवली, तिचे पातेही युरोपीयच आहे, आणि त्याच्या पाठीवर रघूजींच्या नावापुढे सोन्याच्या अक्षरांत ‘फिरंग’ असे स्वच्छ लिहिले आहे. ही बातमी छापून आल्यापासून या गृहस्थाचा उपद्रव दुप्पट झाला, हे ओघाने आलेच.

अडचण अशी की, चार-सहा घावांतला हा लांडगा लांडग्यासारखा दिसत नाही. त्यामुळे गंजाच्या डागावर बोट ठेवून घरातल्या प्रत्येकाला ‘हा प्राणी कोणता?’ असे विचारण्याची एक पद्धत या संशोधकाने बसवली असून उत्तरे तो वहीत तारीखवार टिपतो. अमळनेरकडच्या एका वाड्यात थोरल्या भावाला बकरी दिसली, धाकट्याला घोरपड, आणि चुलीपाशी बसलेल्या आजीने मान वर न करताच ‘हाई ते आपलं कुत्रं शे’ असा निर्वाळा दिला. वहीत मात्र ‘श्वानकुलीन, म्हणजे अनुकूल’ अशी नोंद झाली. शिरपूरच्या एका घरी दसऱ्यासाठी चंदेरी रंग फासलेल्या तलवारीवर त्याला जो लांडगा दिसला, तो रंगाच्या ब्रशाचा केस निघाला. पुढे पुढे भिंगाला तलवारीची गरजच उरली नाही. विळा, अडकित्ता, भरताची वांगी भाजण्याची लोखंडी सळई, एवढेच काय, मुलीच्या सासरची परात, यांपैकी कशावरही पोचा दिसला की प्रश्न ठरलेला: हा प्राणी कोणता? व्याह्यांनी ‘जावईबापूंचा सासरा’ असे उत्तर दिल्याचे सांगतात, परंतु वहीत त्याची नोंद नाही.

अशा माणसाला अडाणी ठरवता आले असते, तर सर्वांचीच सोय झाली असती. तसे करता येत नाही. इटलीतल्या जेनोव्हा शहराची कोयत्याच्या आकाराची मुद्रा झोलिंगेनवाल्यांनी नकलली आणि इथल्या लोहारांनीही, म्हणून नुसत्या मुद्रेवरून पात्याचे माहेर सांगू नये, हे तो नवख्यांना पोटतिडकीने समजावतो (लांडगा मात्र या नियमातून वगळलेला असतो). ब्ल्यूखर सेनापतीच्या नावाने ओळखली जाणारी प्रशियाची १८११ ची घोडदळी तलवार इंग्रजांच्या १७९६ च्या तलवारीबरहुकूम घडवलेली आहे, म्हणून दोहोंत गल्लत होते, हेही त्याला ठाऊक असते. जर्मन घोडदळाच्या पुढच्या काळातील तलवारीच्या पाठीवर मुकुट, त्याखाली राजाच्या नावाचे आद्याक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. परजेवर, म्हणजे मुठीवरच्या हाताचे रक्षण करणाऱ्या भागावर, पलटण, तिची तुकडी आणि शस्त्राचा क्रमांक ठोकलेला असतो, आणि त्यात ‘यू’ हे अक्षर आले तर ती उलान, म्हणजे भालाईत स्वारांची पलटण समजावी. ही सारी सांकेतिक लिपी त्याला तोंडपाठ असते, आणि ती जिच्यावर वाचायची अशी एकही तलवार त्याला जळगाव-धुळ्यात आजवर भेटलेली नसते.

त्याच्या संग्रहाविषयी लिहिण्याजोगे थोडेच आहे, कारण निवृत्तिवेतन आणि १९५९ चा शस्त्र कायदा या दोन्ही बाजूंनी तो आवळलेला असतो. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी दारोदार हिंडून दप्तरे गोळा केली आणि धुळ्यातच देह ठेवला, याचा तो वारंवार दाखला देतो. त्याच्यापाशी जमलेले दप्तर म्हणजे त्या वह्या, आणि त्यांत बहुतांशी बकऱ्या.

गेल्या खंडेनवमीला पारोळ्याकडच्या एका खेड्यात तो पोहोचला, तेव्हा ओट्यावर जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आधीच बसलेला होता, आणि त्याने सांगितलेल्या दोन पोती खताच्या भावाला घरातला नातू जवळजवळ राजी झाला होता. मत विचारले गेले. गृहस्थाने पाते मांडीवर घेतले, तेलाचे बोट मुठीपासून खाली हळूहळू फिरवले, आणि चार बोटे अंतरावर, जिथे गंज थोडा सुटला होता आणि हळदीहून गडद असे काही पिवळे वर आले होते, तिथे ते थांबले. भिंग बराच वेळ हलले नाही. मग त्याने ताटातली हळद चिमटीत घेऊन नेमकी तिथेच, जरा जास्तच, माखली आणि सांगितले की पाते गावठी आहे, लोहाराकडचे, भंगारात किलोनेच जाईल. व्यापारी चहासुद्धा न घेता उठला.

म्हातारीने तलवार पदराने धरून पुन्हा पाटावर ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिले. ‘काय भाऊ, यंदा जनावर नही इचारं?’

त्याने वही उघडली नाही. यंदा कपाशीवर बोंडअळी कितपत आहे, एवढेच विचारले.