हरणांची पंगत, आमची लसूणघास

माउंट होरेब, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरचा दुसरा रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा ताईचा फोन आला. संध्याकाळी सिविक सेंटरला जी तुमची मंडळी जमते, तिथे 'आमच्या पोराने अमेरिकेत हरणं पाळलीत' असं तुम्ही जाहीर केल्याचं कळलं. कृपा करून दुरुस्ती करा. मी हरणं पाळलेली नाहीत. मी लसूणघास लावली आहे. हरणं आपापली येतात, जेवतात आणि लेंड्या टाकून निघून जातात. आपल्याकडचं मैत्रीबाग प्राणिसंग्रहालय १९७२ साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून झालं. तिथे चितळं जाळीच्या आत आणि आपण बाहेर. इथे जाळी विकत आणून आत बसायची पाळी आमची आहे.

इथलं हरीण पांढऱ्या शेपटीचं. विस्कॉन्सिनचा तो अधिकृत राज्य-वन्यप्राणी आहे आणि राज्यात त्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर जाते. पळताना शेपूट उभारतं आणि तिची पांढरी बाजू दाखवतं. शरण आलंय असं वाटून आपण घरात वळलो, की परत येतं.

'घासच ना, मग एवढं काय?' असं तुम्ही विचारलंत. बाबा, ही घास म्हणजे मेथी-हरभऱ्याच्या कुळातली. मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र साठवते आणि एकदा जम बसला की चार-पाच वर्षं कापत राहायचं. दुभत्या गाईला याहून चांगला चारा नाही. शेजारचा दूधवाला शेतकरी आमच्याकडून बटईने नेतो. पण तिला आंबट जमीन चालत नाही, सामू सातच्या आसपास लागतो, म्हणून आधी चुनखडीची भुकटी पसरायची. नंदिनीच्या खाणीतला चुनखडक तुमच्या पोलादाच्या प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये जाताना तुम्ही आयुष्यभर पाहिलात. मी भुकटीत पांढराफटक होऊन घरी आलो तेव्हा ही म्हणाली, 'शेवटी घराण्याचाच धंदा.'

खरी गोम पुढेच आहे. जुन्या लसूणघासेत नवं बी टाकलं तर धरत नाही. जुनी झाडं जमिनीत असलं काही द्रव्य सोडतात की त्यांच्याच रोपांची मुळं खुरटतात. त्यामुळे हरणांनी जंगलाकडची कड खरवडली, की तिथे परत लसूणघास नाही. तांबडा क्लोव्हर टाकून ठिगळ लावायचं, नाहीतर शेत मोडून एक हंगाम मका घ्यायचा. मका हरणांना मनापासून आवडतो, हे वेगळं सांगायला नको.

किती खातात हे कळावं म्हणून शेतात तारेच्या जाळीचा एक गोल पिंजरा रोवतात, कवेत मावेल एवढा. आत कुणाला कोंडायचं नसतं, फक्त घास वाढू द्यायची. गेल्या महिन्यात पिंजऱ्यातली घास गुडघ्याला आली आणि बाहेरची घोट्याच्या वर जाईना. वाकून देठ पाहिले तर टोकांच्या चिंध्या झालेल्या. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते ओढून तोडतं. सशाने खाल्लेला देठ तिरका, साफ कापलेला असतो. चोर पुराव्यानिशी सापडला, पण पोलिसांत द्यायचं कुणाला? त्यांची हजेरी तुमच्या प्लांटसारखी चोख आहे. पहिली शिफ्ट पहाटे, दुसरी दिवेलागणीला, रात्रपाळी सशांची. सप्टेंबर लागला की आम्ही कापणी थांबवतो, कारण कडाक्याच्या थंडीआधी मुळांत साठा व्हायला महिना-दीड महिना द्यावा लागतो. हरणांना हा नियम कुणी सांगितलेला नाही. शेवटची कापणी तीच उरकतात.

तुम्ही सुचवलेलं बुजगावणं उभं केलं. तुमचं प्लांटचं पिवळं हेल्मेटही घातलं त्याला. दोन दिवस मान राखला, तिसऱ्या दिवशी एक मादी त्याच्याच सावलीत रवंथ करत बसली होती. हिच्या बाबांनी वर्ध्याहून सल्ला दिला की माचाण बांधा आणि जागल करा. त्यांच्या हरभऱ्याचा निम्मा रोह्यांनी खाल्लाय, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे. माचाणं इथेही झाडाझाडांवर आहेत, पण ती राखणीसाठी नाहीत. त्याबद्दल पुढे.

एक उपाय आईला आवडेल. विजेच्या तारेला फॉइलचे तुकडे अडकवून त्यांना पीनट बटर फासायचं. हरीण वासाने येतं, जीभ लावतं, झटका खातं आणि पुढे तारेच्या वाटेला जाताना कचरतं. आठ फुटी कुंपण ते उडी मारून ओलांडू शकतं, त्यामुळे उंच कुंपणापेक्षा कटू आठवण स्वस्त पडते. भाजीच्या वाफ्याला हे चालतं. अख्ख्या शेताला फासायचं तर दुकान रिकामं करावं लागेल.

आई, तू म्हणालीस की मुकं जनावर आहे, रोज चार पोळ्या टाकत जा. अगं, इथे तो गुन्हा आहे. २००२ च्या फेब्रुवारीत आमच्या माउंट होरेबजवळच्याच हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग या राज्यात पहिल्यांदा सापडला. एका ठिकाणी तोंडं घातली की तो पसरायला वाव मिळतो, म्हणून इथे हरणांना खाणं टाकायला बंदी आहे. मात्र त्यांच्यासाठी एकरभर पेरलं, तर ती शेती! टाकलेली पोळी बेकायदा, पेरलेला सलगम कायदेशीर.

या पेरणीला इथे 'फूड प्लॉट' म्हणतात. क्लोव्हर, चिकोरी, ओट, सलगम. शेजारी म्हणाला, जंगलाच्या कडेला हे लाव, म्हणजे तुझी लसूणघास वाचेल. लावलं. हरणं आधी क्लोव्हर खातात, मग लसूणघास, आणि गोठवणारी थंडी पडून सलगमची पानं गोड झाली की ती मुखशुद्धीला. माझं मत विचाराल तर पंगत वाढवून पाहुणे कमी होत नाहीत. बियाण्याच्या पिशवीवर भल्या थोरल्या शिंगांच्या नराचं चित्र असतं, त्यातच सगळं आलं. हे वाफे बहुतेक जण पेरतात ते नोव्हेंबरात हरीण माचाणासमोर यावं म्हणून.

बाबा, पुढचा परिच्छेद आईसमोर मोठ्याने वाचू नका.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. सगळा तालुका भगव्या जाकिटात फिरतो. शिकाऱ्यांना तो रंग घालणं कायद्याने सक्तीचं आहे. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मादी एका वेळी बहुधा दोन पिल्लं देते, आणि आमच्या भागात तिला आवरणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. इथल्याच विद्यापीठातले प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड १९४० च्या दशकात घसा फोडून सांगत होते, की हरणं फार झाली की जंगल खाऊन संपवतात आणि मग स्वतःच उपाशी मरतात. लोकांनी त्यांना शिव्या घातल्या. फोटो शिंगवाल्या नराचा काढतात, पण संख्या मादीवर ठरते. पिकाच्या नुकसानीची भरपाई काउंटीकडून हवी असेल, तर जमीन शिकाऱ्यांना खुली ठेवावी लागते. मी सही केली आहे. मांस आमच्या फ्रिजमध्ये येणार नाही. गरजूंना ते दान करायची सरकारी सोय इथे २००० सालापासून आहे.

आता पुन्हा मोठ्याने.

आई, मेअखेरीस पहिल्या कापणीच्या वेळी मादी पिल्लाला उंच घासेत लपवून चरायला जाते. यंत्र आलं तरी पिल्लू हलत नाही, तसंच चिकटून पडून राहतं. म्हणून आदल्या संध्याकाळी ही पूर्ण शेत पायी तुडवते. यंदा एक सापडलं, अंगावर पांढरे ठिपके, कान अंगापेक्षा मोठे. यंत्रवाल्याला सांगून तेवढा तुकडा न कापता ठेवला. चार दिवसांनी तिथली घास त्याच्या आईनेच संपवली.

सर्वांना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
धाकटा

ता. क. – आई, साष्टांग नमस्कार. ह्यांनी 'मोठ्याने वाचू नका' लिहिलेला भाग बाबा गाळतील, त्यांना गाळू द्या. मी तुम्हाला फोनवर सगळं सांगितलंय हे दोघांनाही कळायला नको. शेजारीण थोडं देणार आहे. सावजी मसाल्याचं पाकीट इकडे येणाऱ्या ताईंच्या बॅगेत ठेवाच. – सूनबाई