पुसा आणि भरा

पुरावा नसला की काय होतं, ते आम्हा पाथरीकरांना नव्याने सांगायला नको. जानेवारी २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी १०० कोटी बोलले आणि १९ तारखेला शिर्डी बंद! बाबांनी गाव सांगितलं की नाही यावरच वाद, ठोस पुरावा कुणाकडे नाही. मग काय, ज्याचा आवाज मोठा त्याचा इतिहास. उलट नगरची निजामशाही उभारणाऱ्या मलिक अहमदचा बाप पाथरीच्या ब्राह्मण घरातला, हे इतिहासकार फरिश्त्याने चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं. त्यावरून नगर जिल्ह्यात आजवर एक पानटपरीसुद्धा बंद राहिलेली नाही.

हे आठवलं एका लोखंडी गड्यामुळे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा. गल्लीत टीव्ही एक, प्रेक्षक चाळीस, पडद्यावर मुंग्या. एक पोरगं मनगटावरच्या घड्याळात हुकूम सोडायचं की इजिप्तच्या राजासारखं डोकं असलेला रोबोट उडत हजर. आमच्याकडे घड्याळ दहावी पास झाल्यावर मिळायचं, त्यामुळे आम्ही बॉलपेनने मनगटावर काढलेल्या घड्याळातून हुकूम सोडले. कुणी आलं नाही. शेवटच्या भागाला तर वीजही गेली.

तो शेवट परवा मोबाइलवर पाहिला. शत्रूला कवटाळून रोबोट अवकाशात जातो. डोळे पाणावले, चष्म्याचा नंबर वाढलाय, असं घरात सांगितलं. जपानच्या तोएई कंपनीची ही १९६७-६८ची मालिका, भाग २६. याच कंपनीने एप्रिल २०२० मध्ये आपल्या जुन्या सुपरहिरोंसाठी यूट्यूबवर खास चॅनेल उघडलं. त्याच सुमारास आपण घरात कोंडून घेऊन पुन्हा ‘रामायण’ बघत होतो.

जपानी माणूस फार जपणारा म्हणून हे टिकलं, असं मात्र समजू नका. तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, ‘एनएचके’नेही जुन्या टेपा पुसून वापरल्या. बीबीसीने ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून जास्त भाग असेच घालवले. रोबोट वाचला, कारण त्याचं चित्रण फिल्मवर होतं. फिल्म कुजते, आकसते, पेट घेते (पुण्यातल्या फिल्मच्या साठ्याने २००३ साली घेतलाच), पण पुसून तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. व्हिडिओ टेपवर येतं. टेप महाग, आपलं दूरदर्शन काटकसरी. कार्यक्रम दाखवून झाला की पुसा आणि पुढचा भरा. म्हणून त्या मालिकेतला रबरी कातड्यातला राक्षस अजून धडधाकट आहे आणि आपली कितीतरी नाटकं, गाणी, मुलाखती हवेत विरल्या. वाचलेलं थोडंफार आता प्रसार भारती यूट्यूबवर टाकते. बाकीचं सापडलं तर कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटीत, तीही बुरशी चढण्याआधी मिळाली तर.

दूरदर्शनला नावं ठेवायला मी मोकळा नाही. आमच्या लग्नाची कॅसेट मेहुण्याने क्रिकेटची मॅच भरायला नेली होती. ‘अर्धीच वापरली, दाजी,’ असं म्हणून त्याने प्रामाणिकपणे परत दिली. अजून चालते. मंगलाष्टकं सुरू आहेत, भटजी घड्याळ बघताहेत, मामांनी अंतरपाट धरलाय, तो आता बाजूला होणार, आणि अझरुद्दीन बॅटिंगला येतो.