रोमला निघालेल्या नवशिक्यांसाठी बॅग भरण्याचे प्राथमिक धडे

सर्वप्रथम बॅग घ्यावी. घरात नसेल तर शेजाऱ्यांकडून आणावी. आपल्याकडे पहिल्या परदेशवारीची मोठी बॅग बहुधा दुसऱ्याचीच असते आणि तिच्या मुठीला मागच्या प्रवासाची पट्टी तशीच चिकटलेली असते. ती आधी फाडून टाकावी, नाहीतर आपण रोमला आणि बॅग शेजाऱ्यांच्या मुलीकडे न्यू जर्सीला, असे व्हायचे.

बॅग पलंगावर उघडून ठेवली की घरातले सगळे तिच्याभोवती जमतात. जमू द्यावे. प्रत्येक जण तिच्यात काही ना काही टाकेल, त्यालाही विरोध करू नये. सगळे झोपले की ते काढून ठेवावे. बॅग भरण्याच्या शास्त्रातला निम्मा भाग काढण्याचा आहे आणि तो एकट्यानेच करायचा असतो.

पहिल्या रात्री स्वेटर, कानटोपी आणि थर्मल काढावे. परदेश थंड असतो, हे ज्ञान आपल्याला हिंदी सिनेमाने दिले. नायिका शिफॉनच्या साडीत बर्फात नाचते आणि नायक मात्र लोकर घालून उभा असतो, ते स्वित्झर्लंड. जून-जुलैत रोमचा पारा सहज तिशी ओलांडतो, उष्णतेची लाट आली तर पस्तिशीही. शिवाय जूनअखेरीस सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. म्हणजे विदर्भाच्या माणसाला हसू येईल असे ऊन, पण पुरवून पुरवून दिलेले. विमानातल्या गारठ्यासाठी एक पातळ जाकीट अंगावर असू द्यावे, बस.

दुसऱ्या रात्री रेनकोट काढावा. जून म्हणजे पाऊस, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे. भूमध्य समुद्राकाठचा हिशेब उलटा असतो, पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. छत्री मात्र ठेवावी. उन्हात उघडावी आणि लोक बघतील तर बघू द्यावे.

कपडे सुती घ्यावेत. किती, हे सांगण्यात अर्थ नाही, कारण कोणी ऐकत नाही. एवढेच सांगतो की इटलीत रोज नवा पोशाख घातला तरी फोटोत तो दिसणार नाही, आपल्या पुढे उभ्या असलेल्या चाळीस माणसांची डोकी दिसतील. मोठा टर्किश टॉवेल घरी ठेवून पंचा न्यावा. रात्री पिळून टाकला की सकाळी वाळलेला असतो, आणि दुपारी ओला करून मानेवर टाकता येतो.

पण खरी गुणाची वस्तू म्हणजे ओढणी. सेंट पीटर्स बॅसिलिकात उघडे खांदे आणि उघडे गुडघे चालत नाहीत, दारावरून परत पाठवतात. उन्हात तास-दीड तास रांगेत उभे राहून बिनबाह्यांच्या झग्यापायी परत फिरणारे पर्यटक तिथे रोज दिसतात. पुण्यात स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळून फिरणाऱ्या मुलींची या बाबतीतली तयारी जगात अव्वल आहे. त्यांनी काहीही वेगळे करू नये. हाफ पँटवाल्या नवरोबांनी लांब पँट न्यावी किंवा बायकोकडून दुसरी ओढणी मागून घेऊन लुंगीसारखी नेसावी.

आता पादत्राणे. नवेकोरे बूट विकत घेऊन थेट विमानतळावर घालण्याची प्रथा आहे. ती मोडावी. रोमच्या जुन्या भागातले रस्ते काळ्या दगडाच्या चौकोनी चिऱ्यांचे आहेत. या चिऱ्यांना सांपिएत्रिनी म्हणतात. ते गुळगुळीतही असतात आणि वरखालीही. तिथे पायांना फोड आणणारे बूट दुपारपर्यंत माणसाला भाविक बनवतात, दिसेल त्या चर्चमध्ये बसावेसे वाटते. जुने, मुरलेले, जाड तळव्याचे बूट न्यावेत. कोल्हापुरीचा मोह आवरावा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि बोभाटा झाल्यावर मूळ भारतातले असल्याचे मान्य केले, हे खरे. पण ते मॉडेल सपाट फरशीवर चालत होते. जाता जाता बॅगेची चाकेही तपासावीत. या चिऱ्यांवरून ओढलेली बॅग वरातीतल्या ताशासारखी वाजते आणि सैल चाक गल्लीच्या टोकापर्यंत टिकत नाही.

येथवर घरात शांतता होती. आता खाऊचा विषय काढावा.

युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे नाहीत, बर्फी नाही, तूप नाही, चक्का नाही. चहासाठी दुधाची पावडर घेतली असेल तर तीही नाही. सापडले तर माल जातो, दंडही होऊ शकतो. हे आजीला सांगण्याचे काम घरातल्या सर्वांत लाडक्या नातवावर सोपवावे.

मासळीचे मात्र निराळे. वाळवलेली मासळी माणशी २० किलोपर्यंत नेता येते. नियम वाचल्यावर कोकणातली मावशी आणि सदाशिव पेठेतली आत्या यांच्यात काय होईल ते होवो. कायद्याने सुके बोंबील जिंकले आणि पेढे हरले. वीस किलो सुके बोंबील घेऊन विमानात बसावे का, हा प्रश्न कायद्याचा नाही, शेजारच्या सीटवरच्या माणसाचा आहे.

फळांमध्ये अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच मोकळी वाट आहे. बाकी ताज्या फळा-भाजीला रोगमुक्ततेचे सरकारी प्रमाणपत्र लागते, त्यामुळे कढीपत्त्याची जुडी आणि हापूसची पेटी दोन्ही बाद. हापूसबद्दल तर वाद घालूच नये. फळमाशीच्या कारणावरून २०१४ च्या मेमध्ये युरोपीय संघाने भारतातला आंबा सरसकट बंद केला होता आणि तो पुन्हा सुरू करायला २०१५ उजाडले. जिथे निर्यातदारांचे काही चालले नाही, तिथे आपल्या बॅगेतले सहा आंबे काय करणार? आणखी एक गंमत पाहा. ओला नारळ युरोपला चालतो, पण सुके खोबरे विमानाला चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापू शकते, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत खोबरे धोकादायक मालात मोडते. भाजणीच्या चिवड्यातल्या चार कापांसाठी कोणी विमान थांबवणार नाही, पण खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरी ठेवा.

मग उरले काय? पुष्कळ उरले. तेलातले धपाटे, चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भडंग. लोणचे सामानाच्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून. केबिनमध्ये ते द्रवात धरले जाते आणि द्रवाला डब्यामागे १०० मिलिलिटरची मर्यादा आहे. धपाटे खाण्याच्या जागेचाही विचार करून ठेवावा. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्या पाहताक्षणी आपल्याला डबा उघडावासा वाटतो, कारण पायऱ्या दिसल्या की बसायचे, हे आपण घाटावर शिकलो. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे आणि दंड ४०० युरोपर्यंत जातो. एवढे महाग धपाटे पंढरपूरच्या वारीतही कोणी खाल्ले नसतील. पायऱ्या चढून थोडे चालले की व्हिला बोर्गेझेची बाग लागते, तिथे झाडाखाली बाके आहेत.

पाण्याचा ताण घेऊ नये. शहरभर सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ अहोरात्र वाहत असतात. त्यांना नासोनी म्हणतात. पाणी पिण्याजोगे, गार आणि फुकट. नळाचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छोट्या भोकातून धार उडते आणि वाकून पिता येते. ही विद्या मुलांना पहिल्याच दिवशी येते, नंतर त्यांना तिथून हलवणे ही वेगळी कला आहे. स्टीलची एक बाटली पुरे, विमानतळावर तपासणीपूर्वी रिकामी करावी. काचेची नको. कोलोसियममध्ये काचेच्या बाटल्या, मोठ्या बॅगा आणि फवाऱ्याचे डबे आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डिओडरंटचा डबा हॉटेलवर ठेवून जावे.

ज्या वस्तूबद्दल कोणी मोठ्याने विचारत नाही ती म्हणजे प्लास्टिकचा मग. तो नेऊ नये. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने घराघरात बिडे बसवणे सक्तीचे केले आहे, आणि बहुतेक हॉटेलांतही कमोडशेजारी ते नळाचे बुटके भांडे असते. ते पाय धुण्यासाठी नाही. या एका बाबतीत इटली आपली आहे.

विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. मोबाइलचा दोन बारीक पिनांचा चार्जर बहुधा तसाच बसतो. तीन जाड गोल पिनांचा मुळीच बसत नाही, त्यासाठी अडॅप्टर घ्यावा. लंडनहून आलेल्या मेहुण्याने दिलेला घेऊ नये, ब्रिटनच्या पिना वेगळ्या. पॉवरबँक केबिनमध्येच. चहाच्या किटलीवरून भांडण होईल, तेव्हा नेऊन टाकावी. इटलीतल्या हॉटेलच्या खोलीत ती असेलच असे नाही, आणि सकाळी सहाला चहा न मिळालेल्या माणसाबरोबर रोम पाहण्यापेक्षा एक किलो वजन परवडले.

पासपोर्ट, व्हिसा, ३०,००० युरोच्या विम्याचा कागद आणि रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत ठेवावीत. पैसे चोरकप्प्यात. तेर्मिनी स्थानकाहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे. मागच्या खिशात पाकीट ठेवून तिच्यात चढणाऱ्याला विमाही वाचवत नाही. कनवटीला पैसे लावणाऱ्या पणजीला आपण हसलो होतो, तिचे रोममध्ये काहीही गेले नसते.

शेवटी बॅग घरीच वजनकाट्यावर चढवावी आणि तिकिटावर २३ किलो लिहिले असतील तर २३ च समजावेत. विमानतळावर काउंटरपुढे फतकल मारून बॅग उपसणाऱ्या कुटुंबाकडे अख्खी रांग बघत असते, आणि त्या रांगेत आपल्या सोसायटीतले कोणीतरी हमखास असते.